दांडीला रंग, सांध्याला नाही: जीपवरच्या अँटेनाच्या नोंदी

१३ एप्रिल २०२५, रविवार, चिपळूण

दांडीवरचा काळा मुलामा बरेच दिवस सुटत होता. आज नखाने ओढला तर सापाच्या कातेसारखा वीतभर अखंड निघाला. आत स्टील चकचकीत, पण मधूनमधून तांबूस ठिपके. स्टेनलेस म्हणून घेतलेली दांडी. गुहागरच्या खाऱ्या वाऱ्याला ते नाव वाचता येत नसावं.

मांडणी लिहून ठेवतो, पुढे मलाच लागेल. जुनी जीप, टप पत्र्याचा, टपाच्या कडेने पावसाचं पाणी वाहायची पन्हळ. पन्हळीला आवळलेला लोखंडी क्लॅम्प, क्लॅम्पवर कनेक्टर, त्यावर पाव तरंगाची (तरंगलांबीच्या जवळपास चौथ्या भागाएवढी) दांडी, लांबी ४९ सेंटिमीटरच्या आसपास. आत २५ वॅटचा रेडिओ संच, हौशी (हॅम) रेडिओचा दोन मीटरचा पट्टा, म्हणजे आपल्याकडे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी गावात शिरली आणि खिशातला मोबाइल नुसता घड्याळ होऊन बसला, त्यानंतर परीक्षा देऊन परवाना काढला. तेव्हापासून ही दांडी जीपवर आहे.

आता रंगवायची. प्रश्न एवढाच: रंगाने अँटेना बिघडते का?

संध्याकाळी दोघांना विचारलं. एक काका म्हणाले, "अजिबात नको, रंग म्हणजे अँटेनाला चिखल फासणं." दुसरे म्हणाले, "अरे, काहीही लाव, डांबर लाव, काय होत नाही." दोघेही छातीठोक. मोजलेलं कोणीच नाही.

१५ एप्रिल

रात्री कागदावर आकडेमोड. १४५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे २०७ सेंटिमीटर. रंगाचे तीन हात दिले तर थर पाऊण-एक दशांश मिलिमीटर. म्हणजे तरंगलांबीच्या वीस-पंचवीस हजाराव्या भागाएवढा. इतक्या पातळ पापुद्र्यातून लहर आरपार जाते, तिला पत्ताही लागत नाही. हाच थर ७७ गिगाहर्ट्झच्या रडारसमोर आला तर गोष्ट वेगळी. तिथे तरंगलांबीच चार मिलिमीटरच्या आत, म्हणून नव्या गाड्यांच्या बंपरमागे रडार असतं तिथे रंगाची जाडी आणि त्यातली धातूची भुकटी दोन्ही सांभाळावी लागते. विमानांच्या कित्येक अँटेनांवर तर 'रंगवू नका' असं छापलेलंच असतं. तिथला नियम उचलून जीपच्या दांडीला लावायचा, हे काही पटत नाही.

पण रंगाचा एक परिणाम खरा आहे. दांडीभोवती रंगाचं कवच आलं की दांडीची धारिता (विजेचा भार साठवायची क्षमता) किंचित वाढते आणि ती विजेच्या दृष्टीने थोडी लांब झाल्यासारखी वागते. म्हणजे अनुनाद, ज्या वारंवारतेला अँटेना सर्वांत चांगली चालते ती, खाली सरकतो. प्लॅस्टिकचं आवरण असलेली वायर डायपोलसाठी (दोन हातांच्या तारेच्या अँटेनासाठी) थोडी आखूड कापावी लागते, तेच कारण. किती सरकतो, एवढंच बघायचं. लांबीचा हिशोब सोपा: या दांडीचा एक मिलिमीटर म्हणजे साधारण ०.३ मेगाहर्ट्झ.

दुसरी भीती अशी की प्रवाह पृष्ठभागावरून वाहतो, मग पृष्ठभाग रंगाने झाकला तर काय? प्रवाह धातूच्या कातडीतून वाहतो, रंगाच्या नाही. या वारंवारतेला तांब्यात ती कातडी साडेपाच मायक्रॉन, स्टेनलेसमध्ये पस्तीस-छत्तीस. वर रंग बसला म्हणून तो प्रवाह बाहेर येऊन रंगातून वाहायला लागत नाही. रंगात कोळशाची किंवा धातूची भुकटी भरपूर असली तर मात्र त्या थरात थोडी ऊर्जा मुरू शकते. ते तपासायला हवं.

२० एप्रिल, रविवार

रंगाआधीचं मोजमाप. हे आधी केलं नाही तर नंतरच्या आकड्यांना काही अर्थ नाही.

नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचा हातात मावणारा मीटर) केबलच्या टोकाशी लावून तिन्ही टोप्यांनी (उघडी, बंद, पन्नास ओहम) कॅलिब्रेट केला. जीप अंगणात आंब्यापासून दूर, दारं-काचा बंद, मी बोनेटच्या पुढे उभा. दांडीजवळ माणूस उभा राहिला तरी काटा हलतो.

एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून शक्ती परत येते का याचं माप, १ म्हणजे काहीच परत नाही) सर्वांत कमी १४५.२ वर, १.१८. कामाच्या १४५.५ वर १.२०. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना १.३ च्या आत.

मग दांडी काढून परत बसवली, पाच वेळा. दर वेळी तळ (सर्वांत कमी एसडब्ल्यूआरची जागा) थोडा इकडेतिकडे, ०.१ मेगाहर्ट्झपर्यंत. म्हणजे माझ्या हाताचाच तेवढा फरक. पुढे ०.१ च्या आतलं काहीही मी फरक म्हणून लिहिणार नाही.

जाता जाता मल्टीमीटरने क्लॅम्प ते जीपची बॉडी: ०.३ ओहम, त्यातले ०.२ ओहम मल्टीमीटरच्याच वायरींचे. उगाच मोजलं. वही हातात होती म्हणून लिहिलं.

२६ एप्रिल, शनिवार

खरी दांडी प्रयोगात खर्च करायची नाही, म्हणून वेल्डिंगच्या दुकानातून एसएस ३०८ च्या (स्टेनलेसच्याच) फिलर सळया आणल्या. २.४ मिलिमीटर जाड, मीटरभर लांब. एकीच्या दोन दांड्या निघतात. असल्या दांड्या वाऱ्याला वाकतील, पण अंगणातल्या प्रयोगाला चालतील. एकाच मापाच्या पाच कापल्या, टोकं कानशीने सारखी केली.

एक कोरी. एक पांढऱ्या ॲक्रिलिक स्प्रेची. एक मॅट काळ्याची, कारण काळ्यात काजळीचा रंगद्रव्य असतो आणि सगळ्यांचा संशय तिच्यावर. एक चंदेरी, ॲल्युमिनियमच्या भुकटीची. पाचवीवर रंग नाही, काळी आकसनळी, जी गरम हवेने घट्ट बसते. पुष्कळ जण रंगाऐवजी हीच सुचवतात, "प्लॅस्टिक आहे, निर्धोक" म्हणून.

चंदेरी रंग काचेवर मारून वाळवला आणि मल्टीमीटर लावून पाहिला होता. एकदम खुला, काहीच वाहत नाही. यावर विसंबू नये. भुकटीचे कण रंगाच्या चिकात सुटे सुटे अडकलेले असतात, त्यामुळे बॅटरीचा प्रवाह जात नाही. रेडिओच्या वारंवारतेला मात्र ते कण एकमेकांशी बारीक कपॅसिटरसारखे बोलतात. रंगवलेली फरशी मायक्रोवेव्हमध्ये ठेवून तापते का पाहायची, अशीही एक रीत आहे. घरचा मायक्रोवेव्ह मागितला. आईने नुसतं बघितलं. विषय संपला. तसंही तो २४५० मेगाहर्ट्झवर चालतो, माझं काम १४५ वर.

२७ एप्रिल, रविवार

दांड्या पूर्ण वाळल्यावर मायक्रोमीटरने जाडी घेतली, मग एकाच जागी एकामागून एक लावल्या. प्रत्येक तीनदा, मधला आकडा धरला.

कोऱ्या सळईचा तळ १४५.३ वर. पांढरी (जाडी २.५४, म्हणजे थर ०.०७) १४४.८. काळी १४४.८, पांढरीच्या अगदी पावलावर पाऊल. चंदेरी १४४.७. तळाचा एसडब्ल्यूआर चौघींचाही १.२ च्या आत, आणि आलेखाचा आकार तोच, नुसता डावीकडे सरकलेला. १४५.५ वर सगळ्यात वाईट आकडा १.२४.

आणि ती 'निर्धोक' आकसनळी? १४२.५. जवळजवळ तीन मेगाहर्ट्झ खाली. नळीची भिंत अर्ध्या मिलिमीटरची, रंगाच्या सातपट जाड, मग असं होणारच. ती वाईट नव्हे. लावायची असेल तर दांडी सेंटिमीटरभर आखूड करायची, इतकंच. पण जी गोष्ट लोक डोळे मिटून सुचवतात तिने सहापट धक्का दिला आणि जिला घाबरतात त्या काळ्या रंगाने काहीच वेगळं केलं नाही, हे लिहून ठेवताना मजा आली.

चंदेरीने दांडीवर निभावून नेलं, तरी ती मी वापरणार नाही. दांडीवरून ओघळ तळच्या इन्सुलेटरवर आला तर तिथे धातूची भुकटी नको. जस्ताची भुकटी ठासून भरलेला प्रायमर असतो, तोही नको, तो तर मुद्दाम वीजवाहक केलेला असतो. साधं रेडऑक्साइड चालतं.

ठरलं: पांढरा. टपही पांढरा आहे.

२९ एप्रिल

डेंटिंगवाल्या मिस्त्रींकडे गेलो. पन्हळीला दोन ठिकाणी गंज धरलाय, तेवढं काम त्यांच्याकडे. रंगाचं विचारलं तर फळीवरून डबा काढून म्हणाले, "हा मिलिटरी हिरवा उरलाय, दांडीला शोभेल बघा." शोभेल खरा, पण ऑलिव्ह हिरवा खाजगी गाडीला चालत नाही. १९८९ च्या मोटार वाहन नियमांत १२१ वा नियम आहे, तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. दांडी म्हणजे गाडी नव्हे असा वाद घालता येईल, पण नाक्यावर हवालदाराशी कोण घालणार?

४ मे, रविवार

दांडी मी घरी रंगवली. क्रम:

जुना मुलामा पूर्ण ओढून काढला. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवं घासलं, लांबीच्या दिशेने नाही. आडव्या ओरखड्यांवर रंग धरतो. मग थिनरच्या फडक्याने पुसून नंतर हात लावला नाही. गुळगुळीत स्टेनलेसवर रंग धरत नाही. माझा जुना मुलामा कातेसारखा निघाला त्याचं कारण हेच असणार, खाली ओरखडाच नव्हता. म्हणून आधी एचिंग प्रायमरचा (धातूला चावून धरणाऱ्या प्रायमरचा) एक पातळ हात. वर पांढऱ्याचे दोन, मध्ये वीस मिनिटं. एक जाड हात देण्याची घाई केली की ओघळतो आणि दांडी वाकली की तिथेच तडकतो.

खालचा दोन सेंटिमीटर भाग, जो पितळी बोंडात जातो आणि ज्यावर दोन ॲलन स्क्रू चावतात, तो चिकटपट्टीने झाकला. तिथे रंगाचा कणही नको. बोंडाच्या आतल्या भोकात आणि आट्यांवरही नको.

आई उन्हात वाळत घातलेली दांडी बघून: "काठीला चुना लावलास?" म्हटलं, अजून कळायचंय कोणी कोणाला लावला ते.

जीप आणि क्लॅम्प मिस्त्रींकडे.

१० मे, शनिवार

जीप आली. पन्हळ सुरेख झालीय. क्लॅम्पही त्यांच्या पोराने आपुलकीने रंगवून, परत बसवून, आवळून दिलाय. न सांगता. पैसेही घेतले नाहीत. दांडी लावली, उद्या मोजतो.

११ मे, रविवार

१४५.५ वर एसडब्ल्यूआर ४.६.

म्हणजे पाठवलेल्या शक्तीतली चाळीस टक्के परत. आलेखाला तळच नाही, नुसती वेडीवाकडी उतरण. 'चिखल' म्हणणाऱ्या छातीठोक काकांना फोन केला. "मी सांगितलं नव्हतं?" एवढं म्हणून त्यांनी चहा प्यायला बोलावलं. गेलो नाही.

आणि मग मी तो मूर्खपणा केला. २७ तारखेचे माझेच आकडे वहीत असताना, दांडीवरचा आठवडाभर जपलेला रंग पॉलिश पेपरने खरवडून काढला. पूर्ण. कोरी दांडी परत लावली.

४.५.

दांडीचा काही संबंध नव्हता.

मग हात केबलवर गेला आणि आकडा ३.२ झाला. हात काढला, परत ४.५. तेव्हा ट्यूब पेटली. केबल धरल्याने आकडा हलतो म्हणजे केबलची बाहेरची जाळीच अँटेनाचं काम करतेय, म्हणजे दांडीला खालून जमीन मिळत नाहीये. पाव तरंगाची दांडी ही अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी म्हणजे टपाचा पत्रा. त्या पत्र्यापर्यंत जायची वाट क्लॅम्पचे चार ग्रब स्क्रू, जे पन्हळीचा रंग फोडून उघड्या लोखंडात रुततात.

मल्टीमीटर लावला, क्लॅम्प ते बॉडी: काहीच नाही. खुलं. २० एप्रिलला उगाच मोजलेले ते ०.३ ओहम वहीतून माझ्याकडे बघत होते.

पोराने क्लॅम्प आतून-बाहेरून रंगवला होता. स्क्रूंची टोकंसुद्धा, आणि तीही नव्या रंगाच्या पन्हळीवर हलकी टेकवून, "रंग खराब होऊ नये" म्हणून. त्याला काय दोष देणार? मी दांडीचं दोन सेंटिमीटर टोक चिकटपट्टीने झाकलं आणि जिथे खरंच झाकायला हवं होतं ती गोष्ट काहीही न सांगता दुसऱ्याच्या हाती दिली.

१८ मे, रविवार

दुरुस्ती. क्लॅम्प काढला. स्क्रूंची टोकं कानशीने पुन्हा अणकुचीदार केली. पन्हळीच्या आतल्या बाजूला, जिथे स्क्रू टेकतात तिथेच, चार बारीक जागा पत्र्यापर्यंत खरवडल्या. क्लॅम्पच्या ज्या पायावर कनेक्टर बसतो त्याचा रंगही काढला आणि मध्ये दातेरी वॉशर. शिवाय क्लॅम्पपासून टपाच्या बोल्टपर्यंत कलई केलेल्या तांब्याच्या जाळीची चपटी पट्टी, जेमतेम सहा सेंटिमीटर. ही पट्टी लांब वायर करून लावली तर या वारंवारतेला तिचा उपयोग नाही. आखूड आणि रुंदच हवी.

मल्टीमीटर: ०.३. एसडब्ल्यूआर १४५.५ वर १.२१.

मोजून झाल्यावर सगळ्या सांध्यावर बाहेरून रंगाचा हात मारला. हो, सांध्यावरच, रंगच. आधी जोडून, आवळून, मोजून मग वरून मारलेला रंग पाणी आत जाऊ देत नाही. उलट क्रमाने मारला तर तोच रंग वीज अडवतो. डबा तोच, मधल्या दहा मिनिटांचा काय तो फरक.

दांडी अजून कोरीच. पुढच्या रविवारी रंगवू.

२१ मे

पुढचा रविवार कसला! कालपासून धो धो. मे महिन्यात.

२६ मे

पाऊस मुंबईतसुद्धा पोचला म्हणे, इतक्या लवकर पहिल्यांदाच. आमच्याकडे आठवडाभर ऊन नाही. कोऱ्या दांडीवर तांबूस ठिपके पुन्हा.

१ जून, रविवार

दमट हवेत स्प्रे मारला की थिनर उडताना थंडावा येतो, रंगावर दव धरतं आणि वर दुधी झाक येते. गडद रंगावर ते डोळ्यांत भरतं, पांढऱ्यावर दिसत नाही, पण थर कच्चा राहतो. म्हणून भट्टी केली. हापूसची रिकामी पेटी, आत शंभरचा जुना बल्ब, दांडी तिरकी बसवली. आधी पंधरा मिनिटं दांडी कोमट केली, बाहेर ओटीवर एक पातळ हात, थिनरचा वास उडेपर्यंत तिथेच टांगून ठेवली, मगच परत पेटीत. ओला स्प्रे आणि तापलेला बल्ब एका पेटीत कोंडायचा नाही, भडका होईल. असे प्रायमर धरून तीन हात. पेटीला अजून आंब्याचा वास होता, आता थिनरचा आहे.

सगळी मिळून जाडी वाढली ०.१३, म्हणजे थर ०.०६५.

७ जून, शनिवार

पाऊस थांबलाय, अंगण ओलं. सर्वांत कमी १४४.७ वर, १.१७. १४५.५ वर १.२३. रंगाआधी १४५.२ होता, म्हणजे अर्धा मेगाहर्ट्झ खाली, सळयांनी सांगितल्याप्रमाणेच. दीड मिलिमीटर कापून परत जागेवर आणता येईल. कापत नाही. १.२० आणि १.२३ यांतला फरक हवेवर कोणाला ऐकू येणार? आणि कापलेलं परत जोडता येत नाही.

८ जून, रविवार

हवेवरची चाचणी. परशुरामच्या चढावर जीप उभी केली. खाली गावात मित्राकडे एसडीआर डोंगल (संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर), तो सिग्नल डेसिबलमध्ये दाखवतो. संचाचा काटा या कामाला फार ढोबळ. शक्ती पाच वॅटवर आणली. पांढरी दांडी आणि कोरी सळई आळीपाळीने, प्रत्येकी सहा वेळा. कोणती लावलीय ते त्याला सांगितलं नाही, नुसतं "एक", "दोन" म्हणत गेलो.

दोन्हींच्या सरासरीत अर्ध्या डेसिबलपेक्षा कमी फरक. एकच दांडी दोनदा मोजली तरी तेवढाच येत होता. त्याला ओळखायला सांगितलं: बारापैकी सहा बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते.

चौथ्या फेरीनंतर एक ट्रक शेजारी येऊन थांबला आणि सगळे आकडे दोन डेसिबलनी पडले. तो हलल्यावर परत वर. रंगावर इतका खल करणाऱ्याने जीप कुठे उभी करतो तेही बघावं, असं मित्र म्हणाला. त्या चार नोंदी बाद केल्या, पुन्हा घेतल्या.

१५ जून, रविवार

आठवडाभर पाऊस झोडपतोय. क्लॅम्प ते बॉडी ०.३ ओहम. एसडब्ल्यूआर १.२३. दांडीवर डाग नाहीत, वाकवून सोडली तरी तडा नाही. केबलच्या कनेक्टरवरची आपोआप चिकटणारी रबरी पट्टी एका कडेने उकललीय. तिथून पाणी शिरलं तर जाळीतून थेट आत झिरपत जाईल. पट्टी बदलली.

सकाळी छातीठोक काका स्वतः आले. दांडी पाहिली, वही चाळली, ११ मेच्या पानावर जरा जास्त वेळ थांबले. मग गाडीतून चाळीस मीटरच्या पट्ट्याची त्यांची कॉईलवाली आखूड अँटेना काढली आणि म्हणाले, "हिलाही मार दोन हात."

नाही म्हटलं. सात मेगाहर्ट्झला इतकी आखूड दांडी म्हणजे सगळा भार कॉईलवर. धड चालणारा पट्टा जेमतेम वीस-तीस किलोहर्ट्झ. माझ्या दांडीला एक तृतीयांश टक्का सरकणं परवडलं, हिला तेवढंच सरकलं तर चोवीसेक किलोहर्ट्झ, म्हणजे त्या पट्ट्याच्या बाहेर. वर कॉईलच्या वेढ्यांमध्ये रंग भरला तर वेढ्यांमधली धारिता वाढून अजून सरकणार, आणि दांडीच्या वरच्या टोकाला या अँटेनात व्होल्टेजही भलतंच असतं.

"मग नुसती वरची काठी?"

ती चालेल, पण आधी कोरी मोजायची. नॅनोव्हीएनए चार्जिंगला लावलाय. काका चहा पितायत.